वाल्परायसोतली नगरची माणसं

हे गेल्यापासून मुलगी सारखी म्हणते, आई, बाबांच्या त्या पडद्याचं लिहून ठेव. मी रोज थोडं लिहिते. कधी दिवसभरात एकच वाक्य होतं, आणि ते वाचताना मलाच हसू येतं. घरात एकटीनं हसायची सवय अजून व्हायची आहे.

आमचं लग्न झालं ते मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी. मी नगरला मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते. ह्यांचा फोटो स्टुडिओ होता, म्हणजे बाजारातल्या एका दुकानामागची भाड्याची खोली. फोटोत मागे यायला तिथं एक जुना पडदा टांगलेला असे. त्यावर दोन खांब, एक कारंजं आणि एक मोर. घड्या पडून पडून मोराची मान मोडली होती. शेजारच्या स्टुडिओतही हाच मोर होता, फक्त धडधाकट. गिऱ्हाईक साहजिकच तिकडं जायचं.

माझे मोठे दीर, म्हणजे ह्यांचे दादा, नगर जिल्ह्यातल्याच देवळालीला राहायचे आणि तिथल्या साखर कारखान्याच्या ऑफिसात नोकरीला होते. सासरे लवकर वारल्यामुळं ह्यांना त्यांनीच वाढवलं होतं. संक्रांतीनंतर ते आमच्याकडं आले, छत्री भिंतीला टेकवली आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "ऑफिसात कारकुनाची जागा निघतेय. साहेबांशी बोललोय मी. पाडव्याच्या आत हो म्हणून सांग. बायकोच्या पगारावर किती दिवस काढणार आहेस?"

दादांसमोर ह्यांच्या तोंडून "हो दादा" एवढंच निघायचं. त्या दिवशी "बघतो दादा" म्हणाले. आमच्या घरात हे बंडच होतं. दादा गेल्यावर हे बराच वेळ कॅमेऱ्याची काच पुसत बसले. मग म्हणाले, "मला कारकून व्हायचं नाही. पण नुसतं नको म्हणून दादा ऐकणार नाहीत. धंदा चालतो, हे त्यांना दिसलं पाहिजे."

गिऱ्हाईक स्टुडिओत येत नव्हतं, तेव्हा स्टुडिओच आठवडी बाजारात न्यायचा असं ठरलं. त्यासाठी नवा पडदा हवा होता. मी तेव्हा नववीला दक्षिण अमेरिका शिकवत होते. वर्गात दाखवायला रद्दीवाल्याकडून एक जुनं परदेशी मासिक आणलं होतं, आणि त्यात चिली देशातल्या वाल्परायसो ह्या बंदराचं रंगीत चित्र होतं. खाली समुद्र, आणि वर डोंगरउतारावर एकमेकांच्या खांद्यावर चढून बसल्यासारखी लाल-पिवळी-निळी घरं. घरांमधून वर जाणाऱ्या लांबच लांब पायऱ्या. मी ते पान सहज ह्यांच्यापुढं ठेवलं. म्हटलं, मोरापेक्षा एखादं खरं गाव असू दे की.

सिनेमाचे बोर्ड रंगवणारा एक पेंटर ह्यांचा दोस्त होता. त्यानं जाड मांजरपाटावर अख्खं वाल्परायसो उतरवलं. घरं त्यानं मनापासून रंगवली. समुद्र मात्र त्यानं पाहिलेला नव्हता, त्यामुळं निळा रंग जरा दबकतच लावला. फोटो शेवटी काळेपांढरेच निघणार होते, पण त्याचं त्याला काही नव्हतं. "वहिनी, रंग बघून माणूस थांबतो," तो म्हणाला. "थांबला की मग फोटो काळा निघू दे नाहीतर पांढरा."

पहिल्यांदा आम्ही मिरजगावच्या बाजारात गेलो. पडदा एसटीच्या टपावर, जुना लाकडी कॅमेरा ह्यांच्या मांडीवर आणि पेंटर रंगांचे डबे घेऊन मागच्या सीटवर. बाजारात दोन बांबू रोवून पडदा ताणला आणि माणसं खरंच थांबली. पण खुर्चीवर येऊन कुणी बसेना.

एका म्हाताऱ्यानं जवळ येऊन घरं निरखली. "डोंगरावर टांगल्यात जनू. ही लोकं पानी कुटून आनत्यात?"

"खाली समुद्र आहे ना," हे म्हणाले.

"खारं पानी पित्यात व्हय?"

तिकडं नळ आहेत, असं मी शाळेतल्या आवाजात सांगितलं. ते कुणाला पटलं नाही. तेवढ्यात एक आजी नातसुनेला घेऊन पुढं आल्या. नातसून नटून आली होती, खुर्चीकडं निघालीही होती. आजींनी पडद्यावर नजर फिरवली आणि तिला दंडाला धरून मागं ओढलं.

"आगं थांब. बया, गावात चिटपाखरू न्हाई. एवडी घरं आन् मानूस येक दिसंना."

"आजी, ते चित्र आहे," पेंटर म्हणाला.

"चित्र हाय ते कळतंय मला. पिलेगात आमचं गाव आसंच दिसत हुतं. समदी रानात झोपड्या घालून ऱ्हायली, आन् घरं आशी उघडी. आसल्या गावात पोरीला उभी करू व्हय?"

प्लेगचं नाव निघाल्यावर गर्दी दोन पावलं मागं सरकली. दुपारपर्यंत आमच्याकडं कुणी फिरकलं नाही.

परत येताना एसटीत पेंटर रुसून बसला होता. "मासिकात माणसं नाहीत, मी कुठून आणू?"

हे खिडकीबाहेर बघत होते. तसेच बघत म्हणाले, "नगरमध्ये काय कमी आहेत?"

पेंटरनं आधी जी माणसं काढली ती सगळी सिनेमातल्या नायकांसारखी झाली, केसांचे कोंबडे, छातीवर हात. हे म्हणाले, असं नको, रोजची माणसं काढ. मग ओळखीतल्या एकेकाला पकडून आणून पेंटरनं समोर उभं केलं. आमच्या खोलीत आठवडाभर नुसता गोंधळ होता. कोपऱ्यावरचा चहावाला म्हणाला, "मी तिथं नुसता उभा राहून काय करू? गाडी तरी दे." म्हणून वाल्परायसोत चहाची गाडी आली. आमच्या गल्लीतला पोस्टमन पायऱ्या बघून हबकला. "एवढ्या पायऱ्या चढून टपाल वाटायचं? आणि सायकल कुठं लावू?" त्याला खालच्या सपाट रस्त्यावर सायकलसकट उभं केलं. तालमीतला पैलवान समुद्राच्या बाजूला जायला तयार होईना, कारण त्याला पोहता येत नव्हतं. मला पिवळ्या घराच्या सज्जात पुस्तक घेऊन बसवलं. माझ्याकडं कुणी बघितलं नाही, पण मला तो सज्जा फार आवडायचा. पुढं कित्येक वर्षं, वर्गात मुली पेपर लिहीत असताना, मी मनानं तिथं जाऊन बसत असे.

मी हट्ट एकच धरला. चिलीमध्ये गांधीटोपी कुणी घालत नाही, तेव्हा ती नको. पेंटरनं तो पुरवला, आणि तिथंच घोटाळा झाला. कारण सगळ्यात वरच्या पायरीवर, हातात छत्री धरून, कपाळाला आठ्या घालून त्यानं दादांना उभं केलं होतं. कुणाला विचारलं नव्हतं. संक्रांतीनंतर दादा आले तेव्हा तो दारात बसलेला होता, आणि तो चेहरा त्याच्या डोक्यातून जाईना. हे घाबरले. "अरे, दादांनी बघितलं तर?"

"देवळालीचा माणूस वाल्परायसोत कशाला येतोय?" पेंटर म्हणाला.

गाव भरलं आणि गिऱ्हाईकही यायला लागलं. माणसं आधी पडद्यातली माणसं बघायची, मग पैलवानाच्या बाजूला की चहाच्या गाडीपाशी, अशी आपली जागा सांगून बसायची. मिरजगावच्या आजीसुद्धा नातसुनेला घेऊन परत आल्या. "आता कसं, गाव नांदतंय," म्हणाल्या. त्यांचा फोटो निघाला त्या रात्री हे जेवताना गाणं गुणगुणत होते. दादांना धंद्याचं सगळं दाखवायचं, पण पाडव्याच्या अगदी आदल्या दिवशी, आणि पडद्याशिवाय, असं ह्यांनी ठरवून टाकलं होतं.

पण दादांनी तितकी वाट पाहिली नाही. पाडवा जवळ आला तरी उत्तर नाही, म्हणून ते नगरला आले. घराला कुलूप. शेजाऱ्यांनी सांगितलं, नेवाशाच्या बाजाराला गेलेत. दादा तसेच एसटीनं नेवाशाला आले. मी त्यांना लांबून पाहिलं, तीच छत्री, तीच पांढरीशुभ्र टोपी. ह्यांना खूण करेपर्यंत ते गर्दी सारत पुढं आलेसुद्धा.

"उद्या सकाळी साहेबांना काय सांगू?" एवढं बोलून त्यांची नजर पडद्यावर गेली. पायऱ्यापायऱ्यांनी वर चढली आणि शेवटच्या पायरीवर थांबली.

"हा मी आहे?"

हे "हो दादा" म्हणाले.

"माझं डोकं उघडं?" दादांचा आवाज चढला. "बोडक्या डोक्यानं उभं केलंय मला भर बाजारात? घरातलं कुणी गेलंय का आपल्या?"

आमच्याकडं त्या पिढीतला माणूस उघड्या डोक्यानं चारचौघांत फक्त सुतकात दिसायचा. हे माझ्या पुस्तकात कुठं लिहिलेलं नव्हतं. मी पुढं होऊन म्हणाले, "दादा, टोपी मी काढायला सांगितली. तिकडं घालत नाहीत."

"तिकडं घालत नसतील. मी घालतो."

ह्यांनी पेंटरकडं पाहिलं. पेंटरनं गुपचूप पांढरा डबा उघडला आणि कुणाकडून तरी स्टूल मागून घेतलं. एव्हाना गर्दी दुप्पट झाली होती, आणि प्रत्येकाला टोपीतलं कळत होतं.

"जरा फुडं वढ."

"तिरकी करू नगं, मानूस तालेवार हाय."

"आवो, ह्ये बघा, वरच्या पायरीवरचं पाव्हनं खुद्द आल्यात!"

मग एक बागाईतदार दादांना नमस्कार करून म्हणाला, "पाव्हनं, तुमी त्या गावचंच दिसताय. आमच्या संगं बसा की फोटूला." दुसरा म्हणाला, "आदी त्येंचा येकट्याचा होऊं द्या, मालकाचा मान पयला." दादा नको नको म्हणत होते, पण त्यांना कुणीतरी खुर्चीत बसवलं होतं. छत्री मांडीवर आडवी ठेवून ते ताठ बसले.

हे काळ्या कापडात डोकं घालून काच जुळवू लागले. जरा जास्तच वेळ लागत होता. आतून आवाज आला, "दादा, मान सरळ. आता हलू नका." ह्यांनी दादांना काही करायला सांगितलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते. दादांनी मान सरळ केली. मग त्याच कापडातून, त्याच आवाजात हे म्हणाले, "ती कारखान्यातली जागा मला नको दादा. मी हेच करणार आहे. बोलू नका, फोटो हलेल."

दादांचे ओठ उघडले आणि तसेच थांबले. सगळा बाजार बघत होता. हे कापडातून बाहेर आले, घाम पुसला आणि फोटो काढला.

दादा उठले. टोपी नीट केली. पडद्याजवळ गेले, ओल्या रंगाला बोट लावायचा मोह आवरला, आणि ह्यांच्याकडं न बघता म्हणाले, "दोन कॉपी काढ. एक साहेबांना नेऊन दाखवतो. तू का येत नाहीस, ते त्यांना मला तोंडानं सांगता यायचं नाही."

मग त्या बागाईतदारानं आपल्या फोटोसाठी हाक मारली, म्हणून ते परत खुर्चीकडं गेले.