सिम टाकायच्या आधी आलेला फोन

या पेजवरचे अनुभव वाचून मी हसायचो, हे आधीच कबूल करतो. चकवा, भानामती... आमच्या घरात असलं कुणीच मानत नाही. मी घाटंजीत ऑफिसांची नेटवर्किंगची कामं करतो. राउटरचा दिवा हिरवा तर लाइन चालू, लाल तर बंद — एवढाच माझा विश्वास.

कपाशीवर फवारता फवारता माणसं आजारी पडत होती, त्या वर्षातली गोष्ट. बसस्टँडमागे एका संस्थेचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. फवारणीतून विषबाधा झाली की तिथे फोन करायचा, ते अँब्युलन्स पाठवायचे. गावोगावच्या भिंतींवर रंगवलेला नंबर तिथल्या एकुलत्या एक टेबलफोनचा, आणि तो चालायचा इंटरनेटवर. सोमवारी रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली. फोन मुका झाला. संस्थेनं मला सिमवर चालणारा बॅकअप बसवायला सांगितलं, म्हणजे मेन लाइन गेली की राउटर आपोआप मोबाइलचं नेट घेईल. तासाभराचं काम.

मंगळवारी येतो म्हणालो. पण ढाणकीला मोठं काम निघालं. गेलो शुक्रवारी दुपारी.

फोन सांभाळणारी संगीता भडकलेलीच होती. "शकीलभाऊ, चार दिवस झाले! लोकं फोन करून राह्यले असतीन न!"

"आत्ता होते ताई."

खिडकीबाहेर अँटेना लावला. जुना राउटर काढला, नवा टेबलावर ठेवला. सिम अजून माझ्या चिमटीत होतं... आणि फोन वाजला.

संगीतानं झटकन उचलला. पलीकडे एक बाई रडत होती, मलाही ऐकू येत होतं. "माह्या मालकाले काही दिसून नाही राह्यलं वो... तोंडातून फेस येऊन राह्यला..." तिनं गाव सांगितलं, पारव्याच्या अलीकडचं.

"घाबरू नका बाई," संगीता म्हणाली. "कपडे काढा त्याईचे, साबणानं अंग धुवा. गाडी निघाली, वीस मिनटात येते. तिथंच थांबा."

लगेच तिनं ड्रायव्हर मनोहरभाऊंना मोबाइलवरून फोन करून पाठवलं.

लाइन आली वाटतं, म्हणून मी फोनच्या मागे पाहिलं. त्याच्या वायरचं दुसरं टोक टेबलावर मोकळं पडलं होतं. मीच काढलं होतं. फोनच्या यादीत आलेला कॉलही नव्हता. मी गपचूप सिम टाकलं. हिरवा दिवा लागला.

अर्ध्या तासानं तिच्या मोबाइलवर मनोहरभाऊंचा फोन आला. संगीतानं स्पीकर लावला.

"ताई, तो मानूस तं परवाच वारला. बुधवारी."

"मंग आता फोन कोनं केला?"

"आज कोनीच नाही केला. बुधवारी केलता म्हणते त्याची बायको."

"बुधवारी लाइन बंद होती भाऊ. मी दिवसभर इथंच बसून होती, वाजलाच नाही."

"उचलला म्हणते ते. एका बाईनं. अंग धुवायले सांगतलं, गाडी निघाली, वीस मिनटं... दारात शेजाऱ्याचा ऑटो उभा होता ताई. गाडी येऊन राह्यली म्हणून यायनं वापस पाठवला. दोन तास वाट पाहली."

संगीता खुर्चीत बसली. तिनं वायरच्या त्या टोकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मला समजलं की तिलाही दिसलं आहे.

चार दिवसांनी ती म्हणाली, मला त्या घरी जायचं आहे. मी गाडीवर घेऊन गेलो. बाई ओट्यावर खाली मान घालून बसली होती. संगीता एवढंच म्हणाली, "बाई, आमी घाटंजीहून आलो."

बाईनं मान वर केली. कितीतरी वेळ संगीताच्या तोंडाकडे पाहत राहिली. ओरडली नाही, रडलीही नाही.

"तोच आवाज. तुमीच होत्या फोनवर," ती म्हणाली. "गाडी काहून नाही पाठवली?"

संगीतानं नोकरी सोडली. फोन कंपनीत, ओळखीच्या इंजिनियरांना, सगळ्यांना विचारून झालं... कुणाला काही सांगता येत नाही. मलाही नाही.