शनिवारी पुसलेला फोन

ही गोष्ट मी चार-पाच वर्षं टाळली. कुणी विचारलं नाही, त्यामुळे टाळणं सोपं गेलं. लॉकडाऊनमधल्या शाळेच्या आठवणी निघाल्या की माझी एक ठरलेली गोष्ट आहे. पहिल्या ऑनलाइन तासाला मी फोनचा कॅमेरा उलटा लावला आणि चाळीस मुलांनी पंधरा मिनिटं आमच्या घरातला पंखा बघितला. लोक हसतात, मीही हसतो आणि चहा येतो. त्याच वर्षातली दुसरी गोष्ट मी कधी सांगितली नाही. बायकोलाही नाही. आता वयाची साठी ओलांडली आहे. ती लिहून ठेवतो.

सोलापूरच्या पूर्वभागात एका अनुदानित शाळेत मी तीस वर्षं गणित शिकवलं. आमची बहुतेक मुलं यंत्रमागावर काम करणाऱ्यांची. घरात तेलुगू, शाळेत मराठी, आणि गणित दोन्हीत सारखंच अवघड. मी मूळचा केम गावचा, तिकडं तेलुगू नाही. नोकरीला लागलो तेव्हा मुलं आपसात काय बोलतात ते कळत नसे. पुढे शिव्या तेवढ्या कळू लागल्या.

माझी एक सवय होती. तास संपला की फळा स्वच्छ पुसूनच वर्गाबाहेर पडायचं. पुढच्या शिक्षकाला कोरा फळा मिळाला पाहिजे, असं मी पहिल्या वर्षी ठरवलं आणि शेवटपर्यंत पाळलं. काही शिक्षक आपली गणितं तशीच सोडून जायचे, त्यांना मी शिक्षकांच्या खोलीत ऐकवायचो. सवय वाईट नव्हती. पण या गोष्टीत तिचा भाग आहे, म्हणून आधी सांगितली.

शाळा बंद झाल्या तेव्हा माझी नोकरी वर्षभरच उरली होती. फोन मला फक्त बोलण्यापुरता येत होता. विज्ञान शिकवणारा एक तरुण सहकारी म्हणाला, "सर, तुम्ही नुसते ऑनलाइन हजर राहा, तुमचे तास आम्ही घेतो." तो चांगल्या मनानं म्हणाला असेल, पण मला ते लागलं. माझ्या मुलानं पुण्याहून नवा फोन पाठवला आणि मी हट्टानं सगळं शिकलो. वर्गाचा ग्रुप केला. स्वयंपाकघरातल्या शेल्फवर पुस्तकांची चळत लावून त्यात फोन अडकवला आणि खाली वही ठेवून गणितं सोडवून दाखवू लागलो. दिवाळीपर्यंत तोच सहकारी मला विचारू लागला की सर, तुमचा आवाज इतका स्वच्छ कसा येतो. मी त्याला उत्तर दिलं, पण ते जरा उशिरा दिलं.

मुलं गृहपाठ सोडवून वहीच्या पानांचे फोटो पाठवायची. आधी ग्रुपवर पाठवायची, पण तिथं सकाळी फुलांची चित्रं आणि सुविचार इतके येत की मी ग्रुप बंद केला, म्हणजे फक्त मीच लिहू शकेन असा केला. मग मुलं माझ्या नंबरावर पाठवू लागली. चाळीस मुलं, प्रत्येकाची सहा-सात पानं. फोन भरून जायचा आणि अडकायचा. त्यावर मी माझा उपाय काढला. आठवडाभर फोटो तपासायचे, गुण कागदी नोंदवहीत चढवायचे, आणि शनिवारी दुपारी सगळे फोटो आणि सगळे संदेश पुसून टाकायचे. सोमवारी कोरा फोन. बायको म्हणायची, "फोनलाबी डस्टर आणा एक." मला ते आवडायचं.

दहावीत एक मुलगी होती. हुशार म्हणून सगळ्यांना माहीत असलेल्या मुलींपैकी नव्हे, पण भूमितीत नीट विचार करायची. वडील टॉवेलच्या कारखान्यात मागावर, आई घरी विड्या वळायची. फोन एकच, तो वडिलांचा. त्यामुळे ती बऱ्याचदा वडिलांबरोबर कारखान्यात बसून तास करायची. ती बोलायला लागली की मागांचा खडखडाट असा यायचा की बाकीची मुलं कान धरायची. "तू ऐक फक्त, बोलू नकोस," असं मी तिला सांगितलं होतं. तिनं ते ऐकलं. वर्षभरात ती माझ्या तासाला पाच वाक्यंही बोलली नसेल.

त्या वर्षी दहावीची परीक्षाच झाली नाही. नववीचे गुण आणि दहावीतलं शाळेकडचं काम, यांवर निकाल लागणार असं ठरलं. ज्या गृहपाठांना मुलं कधी फारशी किंमत देत नव्हती, त्यांना एकदम बोर्डाच्या पेपरची किंमत आली. मी नोंदवहीवरून यादी केली. त्या मुलीचे भूमितीचे दोन गृहपाठ कोरे होते. आणखी चौघांचे असेच काही राहिले होते. मी ग्रुपवर आवाजी निरोप टाकला: ज्यांनी काम केलं नाही त्यांनी आता केलं होतं म्हणून सांगू नये.

अर्ध्या तासात तिचा संदेश आला. "सर, मी दोन्ही पाठवले होते. दोन निळ्या खुणा पण आल्या होत्या."

निळ्या खुणा म्हणजे मी ते उघडून बघितलं होतं. हे मला तेव्हाच कळलं. शनिवारी पुसण्याच्या घाईत, उघडून ठेवलेलं पण न तपासलेलं काही गेलं असेल, हेही त्याच क्षणी मनात आलं. यात संशयाला जागा ठेवायची नाही. मला माहीत नव्हतं, असं मी पुढे स्वतःला पुष्कळदा सांगितलं. पण मला माहीत होतं.

मी लिहिलं, "निळ्या खुणा मला शिकवू नकोस." आणि तिचं नाव घेऊन ग्रुपवर दुसरा निरोप टाकला की खोटं बोलणाऱ्यांना भूमिती येऊन उपयोग नाही. तो चाळीसही घरांत वाजला असणार. त्या काळात फोन मोठ्या आवाजावर लावून ठेवायची सगळ्यांना सवय होती.

दोन दिवसांनी ती वडिलांना घेऊन शाळेत आली. मास्क लावून दोघं मुख्याध्यापिकांच्या खोलीबाहेर उभे होते. तिच्या हातात वही होती. वडील कामावरून तसेच आले होते, केसांत कापसाचे तंतू होते.

"सर, पोरगी खोटं बोलत नाही हो," ते म्हणाले. "कारखान्यात टॉवेलच्या गठ्ठ्यावर वही ठेवून फोटो काढली ती. मी बघितलो की. मीच वही धरलो."

मी म्हणालो की फोटो दाखवा. ते म्हणाले की फोन लहान आहे, फार राहत नाही त्यात, काढून टाकावं लागतं. मग मुलीनं वही पुढं केली. सात पानं, आकृत्या पेन्सिलीनं, पायऱ्या सुटसुटीत. मी वही हातात घेतली नाही.

"वही काय, कालसुद्धा लिहिता येते," मी म्हणालो.

ती काही बोलली नाही. मीच तिला वर्षभर बोलू नकोस म्हणून सांगितलं होतं. वडील माझ्याकडे बघत राहिले आणि मग तिला तेलुगूत काहीतरी म्हणाले. शिवी नव्हती, ती मला कळली असती.

मुख्याध्यापिका बाई आतून सगळं ऐकत होत्या. ते दोघं गेल्यावर त्यांनी मला बोलावलं. म्हणाल्या, "सर, एकदा तुमच्या फोनमध्ये नीट बघून घ्या. चुकून राहिलं असेल. अजून गुण वर पाठवलेले नाहीत, दुरुस्त करू."

मी म्हणालो, "बघितलं, बाई. नाही आहे."

बघितलं नव्हतं. बघण्यासारखं काही ठेवलंच नव्हतं. दर शनिवारी फोन पुसतो एवढं बोललो असतो तर बाईंनी त्या मुलीची वही तपासून गुण दिले असते, बाकीच्या चौघांचंही बघितलं असतं, आणि फार तर शिक्षकांच्या खोलीत चार दिवस माझी चेष्टा झाली असती. त्या चेष्टेलाच मी भ्यालो. वर्षभरात कमावलेलं जाईल असं वाटलं. पुढच्याच आठवड्यात माझा निरोप समारंभ होता. शाल आणि नारळ देऊन बाई म्हणाल्या की या वयात सर तंत्रस्नेही शिक्षक झाले, तरुणांनी आदर्श घ्यावा. टाळ्या वाजल्या. मी उभा राहून दोन शब्द बोललो. काय बोललो ते आठवत नाही.

निकाल लागला. तिला घराजवळच्या कॉलेजात विज्ञान शाखा घ्यायची होती, हे शाळेतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. यादीत तिचं नाव तीन गुणांनी राहिलं. मी कापलेले गुण त्याहून जास्त होते. विनाअनुदानित तुकडी त्या घराला झेपणारी नव्हती. तिनं कला शाखा घेतली, असं शाळेच्या शिपायानं मला भाजी बाजारात सांगितलं. "चुकलंच म्हणायचं पोरीचं, दोन गृहपाठापायी," असंही तो म्हणाला. मी मेथीची जुडी निवडत राहिलो.

त्याला सहा-सात महिने झाले असतील. एका सकाळी फोननं आपणहून एक चित्र पुढे केलं आणि वर लिहिलं होतं की मागच्या वर्षी, याच दिवशी. मुलानं फोन पाठवताना त्यात अशी काही सोय करून ठेवली होती की आलेले फोटो आपोआप दुसरीकडे कुठंतरी जमा होत राहत. मला ते माहीतच नव्हतं. मी फोन पुसत होतो आणि फोटो तिकडे जसेच्या तसे होते. पुढे आलेलं चित्र कुणाच्या तरी बीजगणिताचं होतं. मी मागे मागे जाऊन शोधायला लागलो. शोधायला जावं की नाही यावर एक चहा संपवला आणि मग शोधलं.

सातही पानं होती. वही निळ्या पट्ट्यांच्या टॉवेलच्या गठ्ठ्यावर उघडून ठेवलेली, आणि कोपऱ्यात वही दाबून धरलेला एका मोठ्या माणसाचा अंगठा, नखात काळं तेल. खाली तारीख होती, वेळही. दोन्ही गृहपाठ ज्या दिवशी द्यायचे होते त्याच्या आदल्या दिवशीची. मी टेबलाशी बसून, कागद-पेन्सिल घेऊन सगळं तपासलं. एका प्रमेयात कारण लिहायचं राहिलं होतं. बाकी सगळं बरोबर.

त्या वेळी मी एक गोष्ट केली ती सांगतो, म्हणजे काहीच केलं नाही असं होणार नाही. तिच्या वडिलांच्या नंबरावर मी चार ओळी लिहून पाठवल्या. एकच खूण आली, तीही करडी. नंबर बंद झाला असावा. चौकशी करून दुसरा नंबर मिळवणं किंवा चालत जाणं अवघड नव्हतं, घर शाळेपासून दहा मिनिटांवर. पण ती एक खूण बघून मला बरं वाटलं. आपण पाठवलं, त्यांना पोचलं नाही, असं म्हणायची सोय झाली. काही दिवसांनी तो संदेशही मी पुसला.

मागच्या नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला मी नेहमीसारखं बँकेत न जाता घराजवळच्या ऑनलाइन कामं करून देणाऱ्या केंद्रात गेलो. तिथं संगणकापुढं तीच मुलगी बसली होती. मोठी झाली होती, चष्मा लागला होता. मला बघून उठून उभी राहिली. "सर, बसा की." बाहेरून बी.ए. करते, दिवसा हे काम करते, वडिलांना आता माग होत नाही, असं मी विचारल्यावर तिनं सांगितलं. माझ्या आधी एक म्हातारी बाई होती. तिचा कागद छापून तिच्या हातात देत मुलगी तेलुगूत काहीतरी म्हणाली आणि म्हातारीनं कागद घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवला. माझी पाळी आली. ती फोन माझ्या तोंडापुढे धरून म्हणाली, "सर, इकडं बघा. आता डोळे मिटून उघडा. परत एकदा, सावकाश." मी तसं केलं. माणूस जिवंत आहे हे त्यावरून ठरतं.

"पोचलं, सर," ती म्हणाली आणि मलाही छापील कागद दिला. "ही पोच जपून ठेवा. उद्या कुणी म्हणालं आलंच नाही, तर दाखवायला असतंय."

हे ती सगळ्यांनाच सांगत होती. माझ्या नंतरच्या माणसालाही तिनं तेच सांगितलं, मी दारात चप्पल घालत ऐकलं.

यंदा मी तयारीनं गेलो. ती सात पानं छापून घेतली आणि पेन्शनच्या कागदांच्या फाइलमध्ये मागच्या बाजूला ठेवली. घरी दोनदा म्हणून बघितलं काय बोलायचं ते. केंद्रात गर्दी नव्हती. तिनं फाइल मागितली, मी दिली. आधार कार्ड, पेन्शनचा आदेश, बँकेचं पुस्तक, ती एकेक काढत गेली. मागच्या पानांपाशी तिचा हात पोचला.

"सर, हे पण जोडायचंय का?"

"नाही," मी म्हणालो. "ते माझं आहे." आणि फाइल ओढून घेतली.

तिनं वर बघितलं नाही. डोळे मिटून उघडायला सांगितलं, पोच छापली आणि दिली. मी आलो. पानं अजून फाइलमध्ये आहेत.

घरी दोनदा म्हणून बघितलं होतं ते असं: बाळ, तू पाठवलं होतंस. मला पोचलं होतं. मी ते पुसलं, मला ते माहीत होतं, आणि तरी तुझ्या वडिलांसमोर मी तुला खोटं ठरवलं. तुझं विज्ञान माझ्यामुळे गेलं. चूक माझी होती. मला माफ कर.