टाकीच्या नळीवरचं प्लास्टिक

आमची पोस्टिंग तेव्हा आसामात, फौजेतल्या इंजिनियर्सच्या एका कंपनीत. मी हवालदार, बोटींच्या डिझेल इंजिनांचा मेकॅनिक, गाव पेडण्यातलं. बोट चालवायचा लान्स नायक उल्हास गावस, डिचोलीचा. अख्ख्या कंपनीत गोव्याचे आम्ही दोघेच. ड्यूटीवर हिंदी, बोटीत आमची बोली. तो मला दादा म्हणायचा आणि मी त्याला दिवसातून दहा वेळा झापायचो.

डिझेलच्या टाकीला हवेसाठी एक वाकडी नळी असते. इंजिन जेवढं डिझेल ओढतं, तेवढी हवा तिच्यातून आत यायला हवी. नाहीतर डिझेल येईनासं होतं. माझे वडील तेरेखोलच्या नदीत होडी चालवायचे. पावसात होडी बांधली की त्या नळीवर प्लास्टिक बांधायचे, टाकीत पाणी जाऊ नये म्हणून. सकाळी पहिलं काम ते सोडायचं. फौजेतही मी तेच करायचो. कुठल्या मॅन्युअलमध्ये नाही ते, आमच्या नदीकाठची सवय.

त्या दिवशी पूर ड्यूटी. ०६५० ला सुभेदार साहेब ओरडले, "गाँव डूब रहा है! पाँच मिनट में बोट पानी में!" लंगरमध्ये, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरात, पुऱ्या तळणं चाललं होतं. उल्हास म्हणाला, "दादा, येवन खावया." मी ऑइल बघितलं, फिल्टर बघितला, दोर बघितला. नळी नाही बघितली.

नऊ गावकरी बोटीत घेतले आणि परत फिरलो. ०७२२ ला, ऐन धारेत, आरपीएम पडला. इंजिनने दोन उचक्या दिल्या आणि बंद. बोट आडवी वाहायला लागली. धारेच्या खालच्या अंगाला पुलाचे खांब. वाटेत एक अर्धं बुडालेलं झाड आलं, उल्हासने दोर घेऊन त्यावर उडी मारली आणि फांदीला दोन वेढे दिले.

"दादा, तू तुझा बघ. दोर मी धरतंय."

मी हँड पंप मारला, लाइनमधली हवा काढायचा ब्लीड स्क्रू ढिला केला. लाइनमध्ये हवा असती तर बुडबुडे आले असते. बुडबुडे नाहीत, डिझेलही नाही. कोरडं ठाक. अरे, इथेच कळायला हवं होतं मला! पण मी म्हटलं, फिल्टर चोक झाला. फिल्टर बदलला. पुन्हा कोरडं.

रेडिओ सारखा वाजत होता. "स्टेटस?"

"इंजिन बंद, साहब. फ्यूएल नहीं आ रहा."

"कितना टाइम?"

"दो मिनट, साहब."

हे दो मिनट मी तीनदा सांगितलं. शेवटी टाकीत डिझेल आहे तरी का, म्हणून झाकण फिरवलं. फुस्स! हवा आत ओढली गेली. मान वळवली तर नळीवर प्लास्टिक. गाठ माझीच, चांगली घट्ट. ओरबाडून काढलं आणि खिशात कोंबलं. ०७३४ ला इंजिन सुरू झालं.

"उल्हास, सोड! चढ!"

त्याने दोर सोडला. एक पाय बोटीत टाकला आणि धारेतून वाहत आलेला ओंडका त्याच्या डोक्याला लागला. तो पाण्यात गेला तो वर आलाच नाही. नऊच्या नऊ गावकरी पोचले. उल्हास तिसऱ्या दिवशी सापडला.

चौकशीत कारण विचारलं. "फ्यूएल ब्लॉकेज, साहब," मी म्हणालो. ब्लॉकेज कसला, हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. भित्रा होतो मी. उलट भर धारेत इंजिन चालू केलं म्हणून मला शाबासकीचं पत्र मिळालं. ते पत्र मी घरात कुणाला दाखवलेलं नाही.

पेन्शनवर आलो. आता गावाजवळ तुयेला कारखान्यात जनरेटर बघतो. उल्हास गेला त्या दिवशी दर वर्षी डिचोलीला त्याच्या आईकडे जातो. ती जेवायला वाढते आणि म्हणते, "तू होतंस म्हणून नऊ जीव वाचले."

यंदा त्या दिवसाच्या आदल्या आठवड्यात नदीवरच्या एका होडीवाल्याने बोलावलं. इंजिन वीस मिनिटं चालतं आणि मरतं, म्हणाला. मी सांगितलं, टाकीचं झाकण उघड. फुस्स! "मेकॅनिक असावा तर असा!" तो खूश. मी घरी येऊन ट्रंक उघडली.

डिचोलीला गेलो. ताट वाढलेलं होतं. ते प्लास्टिक इतकी वर्षं मी ट्रंकेत ठेवलं होतं, ते तिच्यासमोर ठेवलं आणि सगळं सांगितलं. तिने ते हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं.

"ह्या सोडूक किती वेळ लागता?"

"दोन सेकंद, आये."

तिने ते खाली ठेवलं. मी ताट सारून उठायला लागलो.

"बस. जेव. तो उपाशी गेलो. तू भरल्या ताटावरून उठू नको."

शेवटच्या शितापर्यंत जेवलो. दर वर्षी ती दारापर्यंत येते आणि "परत ये रे पुता" म्हणते. यंदा आली, पण काही बोलली नाही.

पुढच्या वर्षीही जाणार. तिने दार नाही उघडलं, तर अंगणात सावधान उभा राहीन आणि नाव घेईन. लान्स नायक उल्हास गावस. त्याने बारा मिनिटं दोर धरला. माझ्याकडून दोन सेकंदांचं काम झालं नाही.