हरकत घेणारी आक्का

घर पसंत पडलं आणि बँकेनं होकार दिला की मग फक्त सह्या उरतात, असं मला वाटायचं. माझं आयुष्य पुलगावला भाड्याच्या खोल्यांत गेलेलं, मला कुठून माहीत असणार? बायको सेवाग्रामच्या दवाखान्यात परिचारिका, म्हणून वर्ध्यात घर बघितलं. तेव्हा आमच्या वकीलबाई म्हणाल्या, "आधी पेपरात जाहीर सूचना द्यावी लागेल. या घरावर कुणाचा हक्क असेल तर त्यानं पुढं यावं म्हणून."

घर विकणारे काका कापडाचं दुकान बंद करून पुण्याला मुलाकडे निघाले होते. घर त्यांच्या वडिलांनी बांधलेलं, त्यामुळे सरकारी नोंदीत काकांसोबत त्यांच्या थोरल्या बहिणीचंही नाव होतं. "आक्काची सही मी आणतो," काका म्हणायचे आणि लगेच आम्हाला चहा विचारायचे.

सूचना छापून आली आणि थोड्याच दिवसांत वकीलबाईंचा फोन आला. "हरकत आली आहे. हरकत घेणाऱ्या बाई समोरच बसल्यात. तुम्ही दोघं लगेच या."

आम्ही धास्तावून गेलो. खुर्चीत एक उंच, सावळ्या बाई ताठ बसल्या होत्या. त्याच काकांच्या आक्का; अल्लीपूरहून सकाळच्या एसटीनं आल्या होत्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. बायकोला म्हणाल्या, "तू घेऊन राह्यली का वं घर?"

"हो, आक्का."

"घे. चांगलं हाये. मले त्यातलं काई नाई पाह्यजे."

"मग हरकत काऊन घेतली?" बायकोनं हळूच विचारलं.

"माह्या बापाचं घर इकून राह्यला, अन् मले पेपरात वाचा लागते? त्याले तोंड नाई का? त्यानं येऊन सांगावं. मंग करतो मी सही."

काकांना हे सांगितलं तर ते कितीतरी वेळ चष्माच पुसत राहिले. मग बोलले. त्यांची आई शेवटचे काही महिने लेकीकडे अल्लीपूरला राहिली आणि तिथंच गेली. आजार वाढल्याचं आक्कानं त्यांना कळवलंच नाही. निरोप आला तो आई गेल्याचा. तेव्हापासून भाऊबहिणीचं बोलणं बंद होतं. "मीच जाऊ तिच्या दारात?" ते म्हणाले. "माझी आई माझ्याशी न बोलता गेली हो."

बायको म्हणाली, "काका, रविवारी मला सुट्टी आहे. आम्ही नेतो तुम्हाला."

रविवारी आम्ही तिघं निघालो. हिवाळा होता. वाटभर कापूस फुटलेला, आणि काका खिडकीबाहेर बघत बसलेले. आक्का ओसरीत तुरीच्या शेंगा निवडत होत्या. भावाला पाहून उठल्या नाहीत. "बस," एवढंच म्हणाल्या आणि सुनेला पाणी आणायला सांगितलं.

काकांनी पाणी पिऊन पेला खाली ठेवला. मग विचारलं, "माय कुठं झोपे?"

आक्कांनी ओसरीच्या कोपऱ्यातल्या बाजेकडे हात केला. समोर मोकळं वावर दिसत होतं. काका उठून त्या बाजेवर जाऊन बसले.

"मले काऊन नाई बोलावलं, आक्का?"

"मायनंच सांगतलं होतं," आक्का म्हणाल्या. "म्हने, त्याले बोलावू नको. तो आला तं घरी चाल म्हनीन, अन् मले त्याले नाई म्हनता येनार नाई. मले इथंच मोकळ्या वाऱ्यात पडू दे. अन् हे बी त्याले सांगू नको म्हने, वाईट वाटीन."

"मंग इतकी वर्षं तू बोलली काऊन नाई?"

"तू इचारलं कवा? बाराव्याले आला अन् पाठ फिरवून निंघून गेला."

काका बाजेवर बसून लहान पोरासारखे रडले. आक्का उठल्या, शेजारी जाऊन बसल्या, आणि पदरानं त्यांचा चष्मा पुसून परत त्यांच्या नाकावर ठेवला. आम्ही दोघं उगाच शेंगा निवडत बसलो. नंतर त्याच शेंगा उकडून सगळ्यांनी खाल्ल्या. घराचा विषय त्या दिवशी निघालाच नाही.

आक्कांनी हरकत लेखी मागं घेतली आणि रजिस्ट्रीला नवी साडी नेसून आल्या. काकांच्या फोटोच्या वेळी त्यांची कॉलर वाकडी होती, ती आक्कांनी हात पुढे करून नीट केली. कॅमेऱ्यामागचा कारकून म्हणाला, "आजी, तुम्ही फोटोत आल्या ना!" तो फोटो परत काढावा लागला. सह्या झाल्यावर दोघं गप्पा मारत बाहेर पडले आणि किल्ली द्यायचीच विसरले. मी एसटी स्टँडवर जाऊन त्यांना गाठलं.

आता आक्का दर काही महिन्यांनी डोळे दाखवायला सेवाग्रामला येतात आणि आमच्याकडेच उतरतात. मोरीचं पाणी कुठं तुंबतं, स्वयंपाकघराची खिडकी पावसाळ्यात का अडकते, हे सगळं त्यांनीच बायकोला दाखवलं. संध्याकाळी पुण्याहून काकांचा फोन येतो. आक्का पलंगावर पाय वर घेऊन बसतात आणि मोठ्यानं भांडतात, "तू जेवला का आधी ते सांग!" बायको हसत टीव्हीचा आवाज कमी करते.