शिक्षक सात

ही गोष्ट माझ्या घरात कुणाला ठाऊक नाही. माझ्या पीएच.डी.च्या मार्गदर्शक बाईंना नाही, आणि सांगलीच्या कॉलेजात शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मैत्रिणीलाही नाही. तिला माझ्या गुडघेदुखीपासून सासूबाईंच्या तक्रारींपर्यंत सगळं माहीत आहे — हे तेवढं राहिलं. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून कदाचित तुम्हाला सांगणं जमेल. बघू.

आधी हे ऐका की मी गर्विष्ठ बाई आहे. आणि का असू नये? साताऱ्यात अब्बा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. आमच्या खानदानात कॉलेजची पायरी पहिल्यांदा मी चढले, इंग्रजीत एम.ए. केलं, मग पीएच.डी. पदवी मिळाली त्या आठवड्यात अब्बांनी माझ्या नावाची पाटी काढली. 'डॉ.' हे अक्षर त्यांनी नावापेक्षा मोठं काढलं होतं. मी म्हटलं, अब्बा, मापात चूक झाली. ते म्हणाले, चूक झालेली नाही. ती पाटी आमच्या दारावर अजून आहे, आणि येता-जाता मी तिच्याकडे बघते.

माझ्या संशोधनाचा विषय साधा होता. शाळेबाहेर ज्यांच्या कानावर इंग्रजीचा एक शब्द पडत नाही, ती मुलं इंग्रजी बोलायला शिकतात कशी? त्यासाठी मी जत तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळा निवडल्या. तिथं घरात कानडी, शाळेत मराठी, आणि त्यावर इंग्रजी. दोन वर्षं मी सांगलीहून एसटीनं जात होते. शेवटच्या बाकावर बसायचं, वर्गातलं बोलणं रेकॉर्ड करायचं आणि घरी येऊन शब्द न् शब्द कागदावर उतरवायचा. हे काम मी चोख केलंय. कुणीही यावं आणि तपासावं. त्या पानांत एकही शब्द खोटा नाही — खोटं दुसरीकडे आहे.

एका वस्तीवरच्या शाळेत बिराजदार गुरुजी होते. पूर्ण नाव सांगते, सिद्राम बिराजदार. हे नाव मी आज पहिल्यांदा कागदावर लिहितेय. गुरुजी दुपारी मुलांना शाळेच्या कट्ट्यावर रस्त्याकडे तोंड करून बसवायचे, आणि क्रिकेटच्या सामन्याचं करतात तसं समालोचन करायला लावायचे. समोरून जे जाईल त्याचं, इंग्रजीत. मेंढरं गेली, पाण्याचा टँकर आला, कुणाचा तरी मामा सायकलवरून पडला. चुकलं तर गुरुजी गप्प. शेजारच्या मुलानं तेच वाक्य जरा बरं करून म्हणायचं, मग त्याच्या शेजारच्यानं. "आवं मॅडम, मी दुरुस्त केलं की पोरगं गप बसतंय," ते मला म्हणाले होते. "पोरानं केलं की लय इरेला पेटतंय."

पहिल्या दिवशी तिसरीतली एक मुलगी टँकरभोवतीच्या भांडणाचं वर्णन करत होती. थांबेचना. व्याकरणाचा पार चुथडा, पण बोलणं अखंड, आणि शेजारची मुलं हसूनहसून लोटपोट. मी वही मांडीवर ठेवून नुसती ऐकत राहिले. आमच्या कॉलेजातल्या एम.ए.च्या वर्गात मला असं इंग्रजी ऐकायला मिळत नाही.

आता हळूहळू मुद्द्याकडे येते — येतेच आहे.

विद्यापीठाला दिलेल्या आराखड्यात मी लिहिलं होतं, की संशोधक स्वतः एक अध्यापन कार्यक्रम तयार करेल. तो मी केलाही होता. चित्रं, कार्डं, संवाद, सगळं रंगीत. पण तो कुठल्याच शाळेत चालला नाही. मुलं कार्डाकडे बघायची आणि माझ्याकडे बघायची आणि तोंडाला कुलूप. मुदत संपत आली होती. मग मी कट्ट्यावरचं ते समालोचन उचललं. त्याचे टप्पे पाडले, त्याला इंग्रजीत एक लांबलचक नाव दिलं, बाकीच्या शाळांतल्या शिक्षकांना शिकवलं, आधी आणि नंतर मुलांच्या चाचण्या घेतल्या. मुलं बोलू लागली. ते सिद्ध मी केलं, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. पण प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात मी लिहिलं — 'संशोधकाने विकसित केलेली पद्धत'. आणि गुरुजी? ते तक्त्यात आहेत. 'शिक्षक सात'. शेरा: पद्धत उत्तम रीतीने राबवली.

संशोधनात सहभागी शिक्षकांची नावं द्यायची नसतात. नियम चांगला आहे. उद्या वर्गातल्या उणिवा वाचून साहेबानं शिक्षकाला धारेवर धरू नये, म्हणून तो असतो. गुरुजींनी मला एकदा विचारलं होतं, "त्यात माझं नाव यील का वो मॅडम?" मी हा नियम सांगितला. "नियम हाय म्हंजे मग बरोबरच हाय," म्हणाले.

पण नियम नाव झाकण्याचा होता. श्रेय झाका, असं त्यात कुठं लिहिलं होतं? 'ही पद्धत एका सहभागी शिक्षकाची' — एवढं लिहिता आलं नसतं? नाव न घेता आलं असतं. आभाराच्या पानावर मी जतच्या गाडीच्या कंडक्टरांचेसुद्धा आभार मानलेत.

इतकंच असतं तर कदाचित मी हे लिहिलंही नसतं.

चारेक वर्षांनी गुरुजींनी शिक्षकांच्या नवोपक्रम स्पर्धेला आपली फाइल पाठवली. कट्ट्यावरच्या मुलांचे फोटो, मुलांची वाक्यं, सगळं स्वतःच्या वळणदार अक्षरात. परीक्षकांनी या पद्धतीवरचा माझा छापून आलेला शोधनिबंध वाचलेला होता. त्यांनी मला फोन केला. मॅडम, ही तुमचीच पद्धत ना? मी स्टाफरूममध्ये उभी होते, समोर दोघी-तिघी बसल्या होत्या. मी म्हटलं, "हो. ते माझ्या संशोधनात सहभागी शिक्षक होते." त्या उत्तरात 'हो' एवढाच शब्द खोटा होता. तो मी किती सहज म्हटला — खोकलेसुद्धा नाही.

फाइल परत गेली. वर शेरा, काम दुसऱ्याचे पाहून उतरवलेले आहे. तालुक्यात बभ्रा व्हायला कितीसा वेळ लागतो? शिक्षकांच्या बैठकीत लोक गुरुजींना विचारू लागले, काय गुरुजी, पुढची फाइल कुणाची बघून लिवनार?

मग गुरुजी सांगलीला आले. कॉलेजच्या व्हरांड्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत ती फाइल घेऊन बसले होते. "लोक म्हणत्यात, मी तुमचं उतरवलं," ते म्हणाले. "न्हाई ते तुमाला ठावं हाय. एक पत्र द्या की मॅडम." आणि मी काय सांगितलं? की सहभागी शिक्षकांची ओळख गुप्त ठेवायचं मी लेखी कबूल केलं आहे, पत्र दिलं तर संशोधनाची नीती मोडेल. ज्या माणसाची ओळख, त्याच माणसाला मी हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चहा प्यायले, स्टँडवर जायला रिक्षा कुठं मिळेल ते विचारलं आणि गेले. ते चिडले असते तर मला बरं वाटलं असतं का? माहीत नाही. ते चिडले नाहीत.

गेल्या वर्षी गुरुजी निवृत्त झाले. वस्तीवर सत्कार ठेवला होता आणि प्रमुख पाहुणी म्हणून मला बोलावलं होतं. मी गेले. नवी साडी नेसून गेले.

सत्काराला उत्तर देताना गुरुजी म्हणाले, "ही इंग्रजीची पद्धत मला ह्या मॅडमनी शिकवली." बोलताना कुठं अडखळले नाहीत. नंतर जेवताना हेडमास्तरांनी सहज सांगितलं, गुरुजी बरीच वर्षं हेच सांगतायत. तेव्हा मला कळलं. उतरवणारा चोर ठरतो, शिकलेला चोर ठरत नाही. माझ्याकडून पत्र मिळालं नाही, तेव्हा त्या माणसानं आपली अब्रू अशी वाचवली होती — स्वतःची वस्तू मला देऊन टाकून.

मांडवात टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेत गुरुजींचे जुने विद्यार्थी बसले होते, आता मिशा फुटलेले, कडेवर मुलं घेतलेल्या पोरी. मी त्या शाळेत पाऊल टाकण्याच्या कितीतरी आधी ही मुलं त्या कट्ट्यावर बसून इंग्रजी बोलत होती. त्यांनी गुरुजींकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत.

गुरुजींनी माझ्या खांद्यावर शाल घातली. मला संकोच वाटला असेल असं तुम्हाला वाटेल. मला अभिमान वाटला. मग मी माइकसमोर उभी राहिले आणि ही पद्धत मला कशी सुचली, ते गावाला सविस्तर सांगितलं. भाषण चांगलं झालं.