ते निवेदन मी वाचलं

भाकरीचं ताट माझ्यापाशी आलं आणि न थांबता पुढे गेलं.

मी हात पुढे केला होता. तो तसाच राहिला. पाळकसाहेब वेदीपासून म्हणाले, “मास्तर, तुम्ही मागं जाऊन बसा. आज तुम्हाला प्रभुभोजन नाही.”

मी मिशनच्या शाळेत मास्तर होतो. अर्धी मंडळी माझ्याकडे बाराखडी शिकलेली. त्या सगळ्यांमधून मी उठलो. बायकोही उठायला लागली, पण मी डोळ्यांनीच तिला थांबवलं. शेवटच्या सतरंजीवर जाऊन बसलो. कोणी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

माझा गुन्हा असा. आदल्या गुरुवारी मी पाटलाच्या विहिरीजवळ उभा राहिलो होतो. फक्त उभा.

आमचं गाव पांढरकवड्यापासून दोन कोसांवर. बाप मेला तेव्हा मी सात वर्षांचा, दादा तेराचा. दादा पाटलाकडे सालदार राहिला. मी मिशनच्या बोर्डिंगात गेलो. तिथं बाप्तिस्मा घेतला, इंग्रजी शिकलो. दोघंही शिकायला गेलो असतो तर माय उपाशी मेली असती. मी एकेक इयत्ता चढत होतो आणि दादा पाटलाच्या वावरात एकेक साल काढत होता. हे मला तेव्हाही माहीत होतं.

छप्पन साली दादा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला. त्याच्याबरोबर सगळी वस्ती बौद्ध झाली. पुढच्या उन्हाळ्यात नाल्यातले झिरे आटले, मिशनची विहीरही आटली. पाटलानं आम्हा ख्रिस्ती घरांना आपल्या विहिरीवर येऊ दिलं. आम्ही मिशनच्या गोऱ्या साहेबाची माणसं. दादाच्या वस्तीला मात्र बंदी. वर अट अशी, की आमच्या घरातलं पाणी वस्तीत गेलं तर आमचंही बंद.

माझी बायको पाण्यानं भरलेला पितळी गुंड घेऊन यायची. वहिनी नाल्यात वाळू उकरत बसायची. आम्ही पाणी दिलं नाही. एक तांब्याही नाही. हे मी कोणाच्या माथी मारू शकत नाही.

मग त्या गुरुवारी दादा वस्तीतली माणसं घेऊन विहिरीवर गेला. मी शाळा सोडून गेलो आणि त्यांच्यात उभा राहिलो. पाटलाचे गडी काठ्या घेऊन आडवे आले. सगळे रिकाम्या भांड्यांनिशी परतले. दुसऱ्या दिवशी पाटील मिशनच्या बंगल्यावर जाऊन आला आणि रविवारी माझ्यासमोरून ताट गेलं.

बंगल्यावरचे गोरे साहेब वाईट माणूस नव्हते. मराठी आमच्याइतकंच बोलायचे. मला बसवून म्हणाले, “मास्तर, मिशनवर सरकारचा डोळा आहे. ख्रिस्ताचं राज्य या जगाचं नाही. आपण राजकारणात पडायचं नाही.”

चर्चची जागा पाटलानं दिलेली होती. निवडणुकीत मत कोणाला द्यायचं ते साहेबांनीच मंडळीला सांगितलं होतं. ते राजकारण नव्हतं.

पाळकसाहेबांनी मला कागद लिहून दिला. खाली सही करून, उपासनेत उभं राहून वाचायचा. ‘त्या लोकांशी माझा संबंध नाही. त्यांच्या चळवळीत मी चुकून गेलो. मंडळीनं मला क्षमा करावी.’

मला तो फाडता आला असता. पण घर मिशनचं, पगार मिशनचा, मुलगी मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकत होती. मी उभा राहिलो आणि वाचला. खणखणीत आवाजात, शाळेत धडा वाचतात तसा.

वाचून मान वर केली तर खिडकीशी दादा. त्याला मुद्दाम बोलावून आणलं होतं. त्यानं ऐकावं म्हणूनच तो कागद होता.

बाहेर आलो तेव्हा तो थांबलेला होता. म्हणाला, “चांगलं वाचलं रे मास्तर. एक अक्षर नाई चुकलं.”

“दादा, माह्यं ऐक.”

“ऐकलं ना. बाहेर मस्त ऐकू येऊन राह्यलं होतं.”

पेत्रानं प्रभूला तीनदा नाकारलं आणि बाहेर जाऊन रडला. मी भावाला एकदाच नाकारलं, पण कागदावर सही करून. रडलो नाही. त्या दिवशी ताट माझ्यासमोर थांबलं आणि मी खाल्लं.

दिवाळीनंतर अमेरिकेतून दोन पाहुणे आले. ख्रिस्तात जाती कशा एक होतात ते त्यांना पाहायचं होतं. साहेबांनी चर्चच्या अंगणात समेटाची उपासना ठेवली. पाटील आणि दादा सगळ्यांसमोर हात मिळवणार, पाहुणे फोटो काढणार. विहिरीबद्दल एक शब्दही ठरला नव्हता.

मला वाटलं दादा येणार नाही. तो म्हणाला, “येतो ना. पाहू तं दे, तुह्या साहेबाचा समेट कसा असते.”

पाहुण्यांना खुर्च्या. पाटलाला खुर्ची. दादा आणि वस्तीतली माणसं खाली सतरंजीवर. दुभाषी म्हणून मी मध्ये उभा.

म्हाताऱ्या पाहुण्यानं आपल्या देशातल्या काळ्या-गोऱ्यांबद्दल सांगितलं. सांगताना त्याचे डोळे खरोखर भरून आले. मी वाक्यामागून वाक्य मराठीत सांगत गेलो. मग त्यानं दादाला विचारलं, “आज तुमचं मन मोकळं झालं का?”

दादा उठला. “याइले सांग, मास्तर. पाटलाच्या हातात हात द्याले मले काई हरकत नाई. पयले माह्या बायकोची बकेट विहिरीत जाऊ दे. मंग हात काय, गळ्यात पडतो त्याच्या.”

वस्तीतली माणसं हसली. पाटील खुर्चीतूनच म्हणाला, “लय बोलाले लागला रे किसन्या.”

साहेब माझ्याकडे झुकले. हळूच मराठीत म्हणाले, “मास्तर, ते आभार मानताहेत, एवढंच सांगा.”

साहेबांना दादाचा शब्द न् शब्द कळला होता. पाहुण्यांना कळला नव्हता. दोघांच्या मध्ये मी होतो. पाहुणा वाट पाहत होता.

मी सांगितलं. जसंच्या तसं. बकेटीसकट.

आणि थांबलो नाही. पुढचं माझं सांगितलं. हा माझा सख्खा भाऊ. उन्हाळ्यात माझ्या घरात पाणी होतं, याच्या घरात नव्हतं. मी दिलं नाही. मग याच चर्चमध्ये, याच्याशी माझा संबंध नाही, असं मी वाचून दाखवलं. मी खोटं बोललो. ज्यांनी लिहून दिलं त्यांनाही ते खोटं आहे हे माहीत होतं. इंग्रजीत सांगितलं, मग मंडळीला कळावं म्हणून मराठीत सांगितलं.

म्हातारा पाहुणा “आमच्याकडेही असंच आहे,” एवढंच म्हणाला. मग सगळे चहाला बंगल्यावर गेले. पाटीलसुद्धा.

महिनाअखेर नोकरी गेली, घर गेलं. मुलीचं शिकणं अर्ध्यावर राहिलं. आम्ही वस्तीत आलो. दादानं मला जवळबिवळ घेतलं नाही. एक खोली दाखवून म्हणाला, “हे भिंत पडेल हाय. बांधून घे.”

त्याला आता सात वर्षं होतील. मी पांढरकवड्याला कापसाच्या जिनिंगमध्ये कारकुनी करतो. बौद्ध झालो नाही, दादानं कधी सुचवलंही नाही. रोज बायबल वाचतो. विहीर कायद्यानं उघडली. तहसीलदारासमोर वहिनीनं बकेट सोडली. दुसऱ्या दिवसापासून पाटलाच्या घरचं माणूस त्या विहिरीचं पाणी पीत नाही.

गेल्या महिन्यात नवे पाळक घरी आले. तरुण, चांगले. म्हणाले, “मास्तर, झालं गेलं विसरा. रविवारी या.”

मी म्हणालो, “येतो. आधी ते निवेदन खोटं होतं आणि मंडळीनं ते वाचायला लावलं, हे वेदीपासून वाचा. दादाला बोलावून वाचा. तिथंच उभा राहून मी माझं पाप कबूल करीन.”

“साहेबांना विचारावं लागेल.”

“विचारा.”

ते दाराशी जाऊन वळले. मग खऱ्या काळजीनं म्हणाले, “मास्तर, असे मंडळीबाहेर राहून मेलात तर दफनभूमीत जागा मिळणार नाही.”

“वस्तीमागं नाल्याकाठी मोकळी जागा आहे,” मी म्हणालो. “मी पाहून ठेवली आहे. पण ते निवेदन खोटं होतं, हे मला वेदीपासून वाचलेलं हवं. मी जिवंत असताना.”