पाणी येतं का?

विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागात मी तीस वर्षं टाइपिस्ट होते. कितीतरी प्रबंध या बोटांखालून गेले, पण जीव जडला तो आमच्याकडे पीएच.डी. करणाऱ्या बाईंच्याच प्रबंधावर. पुढे गरीब देशांतल्या दवाखान्यांवर, शाळांवर लिहून त्या मोठ्या प्राध्यापक झाल्या. मला मात्र अजून त्या काखेत प्रश्नावल्यांचा गठ्ठा घेऊन, घामाघूम होऊन दारात उभ्या दिसतात. फार आठवण येते त्या दिवसांची.

तेव्हाचा विषय होता वस्त्यांमधला सरकारी पाणीपुरवठा. सहाशे घरं फिरून त्यांनी विचारलं होतं, "नळाला पाणी येतं का?" बहुतेकांनी सांगितलं, "येतं." म्हणजे योजना झकास चाललीय! मार्गदर्शक सर खूश. महिनाअखेर प्रबंध दिला की विभागातली कायमची जागा बाईंचीच, हे शिपायालाही ठाऊक होतं.

एका घरी वय लिहायचं राहिलं म्हणून बाई पुन्हा गेल्या. तहान लागली होती, पाणी मागितलं. घरधनिणीनं अर्धा पेलाच दिला.

"नळाला पाणी येतं म्हणाला होतात ना?"

"येतं की! दर मंगळवारी."

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. आल्या त्या थेट माझ्या टेबलाशी. "सगळ्यांना पुन्हा विचारायला हवं. काल आलं होतं का, असं."

मी भडकलेच. "अहो, दोनशे पानं झालीत माझी! आणि जागेचं काय?"

"जाईल."

गेलीच. सर तर त्यांना पाण्यात पाहू लागले. बाई पुन्हा सहाशे दारं फिरल्या, बहुतेक ठिकाणी उत्तर मिळालं, "काल? नाही बुवा." जागेवर दुसराच रुजू झाला त्या दिवशी त्या माझ्याजवळ बसून ढसाढसा रडल्या. मीही रडले, खोटं कशाला बोलू?

नव्या प्रबंधाच्या प्रस्तावनेत त्यांनी लिहिलं, 'पहिल्या वेळी मी प्रश्नच चुकीचा विचारला.' सर कडाडले, "काढा ते वाक्य! आपल्याच पायावर धोंडा पाडून घेताय."

भांडायचं त्राणच उरलं नव्हतं बाईंच्यात.

मीच म्हटलं, "सर, एक ओळ काढली की पुढची सगळी पानं सरकतात. आता परत दोनशे पानं माझ्याच्यानं व्हायची नाहीत."

सर चडफडत निघून गेले. वाक्य राहिलं.

प्रस्तावनेचं पान वेगळं होतं. दहा मिनिटांचं काम.